सबा बेटावर डायव्हिंग: पाण्याखालचे सुळके आणि पाण्यावरचा डोंगर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मूळचं पुण्याचं एक जोडपं सध्या न्यू जर्सीत राहतं. दोघांचा ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर हा डायव्हिंगचा कोर्स झालाय, आणि तारकर्ली, नेत्राणी, अंदमान मिळून प्रत्येकी तीसेक डाइव्ह झाल्यात. हातात नऊ दिवस आहेत. कॅरिबियनमधल्या सबा या ज्वालामुखी बेटावर भरपूर डायव्हिंग करायचं आहे आणि जमलं तर माउंट सीनरीही चढायचा आहे. कोणता महिना निवडावा, जावं कसं, काय न्यावं आणि दिवस कसे लावावेत?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची आखणी त्यावरच उभी आहे. सबा जेमतेम १३ चौरस किलोमीटरचं, म्हणजे समुद्रातून थेट वर आलेला एक डोंगरच. माउंट सीनरीचा माथा सुमारे ८७० मीटरवर आहे (जुन्या नकाशांवर ८८७ लिहिलेलं सापडेल) आणि नेदरलँड्समधली ती सर्वांत उंच जागा आहे. तुम्ही समुद्रसपाटीवर पाण्यातून बाहेर येता आणि अर्ध्या तासात गाडी तुम्हाला डोंगरावरच्या गावात नेऊन सोडते. बेटावरची जेवढी म्हणून सपाट जागा आहे ती वरच आहे. द बॉटम हे राजधानीचं गाव सुमारे २५० मीटरवर, आणि बहुतेक पाहुणे उतरतात ते विंडवर्डसाइड सुमारे ४०० मीटरवर.

डाइव्हनंतर विमानात बसू नये, हे सगळ्यांना पाठ असतं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅनची शिफारस अशी: एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस केल्या असतील तर किमान १८ तास, आणि डीकॉम्प्रेशन थांबे (नायट्रोजन सुटावा म्हणून वर येताना घ्यावे लागणारे सक्तीचे थांबे) घ्यावे लागले असतील तर १८ तासांपेक्षा बराच जास्त वेळ थांबायचं. पण ही शिफारस विमानाच्या खुर्चीसाठी नाही, हवेच्या दाबासाठी आहे: पाण्याखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन दाब कमी झाला की बुडबुडे करतो. ती सुमारे ६१० ते २४४० मीटर उंचीच्या दाबाला लागू होते. माउंट सीनरीचा माथा त्या पट्ट्यात बसतो. म्हणजे दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी माथ्यावर जाणं हे शरीरातल्या नायट्रोजनच्या दृष्टीनं विमानात बसण्यासारखंच आहे. वर दमवणारा चढ, घाम आणि निर्जलीकरण आलंच, आणि डाइव्हनंतर लगेचचे श्रम बुडबुडे वाढवतात.

सबाला येणारी मंडळी नेमकी इथेच चुकतात. शेवटचा दिवस विमानासाठी डायव्हिंगविना ठेवतात आणि मोकळा दिवस म्हणून सकाळी सातला डोंगर चढायला निघतात. आदल्या दुपारी तीनला पाण्याबाहेर आले असतील तर सकाळी सातला सोळाच तास झालेले असतात. म्हणून डोंगर पहिल्या डाइव्हच्या आधी उरकायचा. उंचीवरून खाली येऊन पाण्यात उतरायला काही हरकत नाही, उलट दिशाच धोक्याची.

विंडवर्डसाइडच्या ४०० मीटरला असा थांबण्याचा नियम नाही, तिथे झोपायला हरकत नाही. तरी ज्या दिवशी खोल डाइव्ह असेल त्या दिवशी बंदरावरूनच थेट गाडीत बसू नका. तासभर खाली थांबा, पाणी प्या, मग वर जा. खोली, वेळ आणि नायट्रोजनचा हिशेब ठेवणारा डाइव्ह कॉम्प्युटर जास्त सावध सेटिंगवर ठेवलात तर उत्तम.

हे आपल्याकडेही तितकंच लागू आहे, म्हणून जाता जाता सांगतो. मालवण-तारकर्लीला डाइव्ह करून त्याच संध्याकाळी गाडी काढून पुणे गाठणारे खूप आहेत. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे आणि पुणं स्वतः ५६० मीटरवर. आठ-दहा मीटरची एक डाइव्ह झाली असेल तर ताण कमी असतो, पण दोन दिवसांत चार-पाच डाइव्ह केल्या असतील तर त्या रात्री कोकणातच मुक्काम करावा आणि घाट दुसऱ्या दिवशी चढावा.

आता पाण्याखालच्या भागाकडे. अटलांटिकचा तळ कॅरिबियन प्लेटखाली सरकतो आणि त्या रेषेवर लेसर अँटिलीजची ज्वालामुखी बेटं उभी आहेत. सबा त्या रांगेतलं. सह्याद्रीचा बसाल्ट पातळ लाव्हा दूरवर पसरून थरावर थर साचत झाला. सबाचा अँडेसाइट घट्ट असतो, तो पसरत नाही, जागच्या जागी फुगून घुमट आणि सुळके करतो. म्हणून किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र खोल होतो. इथे उथळ, सपाट प्रवाळाचं पठार शोधू नका. बहुतेक ठिकाणी काळे लाव्हाचे धोंडे, कडे आणि सुळके आहेत, आणि त्यांच्यावर प्रवाळ, स्पंज, समुद्रपंखे वाढलेले आहेत. उतारच उभा असल्यामुळे खोलीचा हिशेब पुणेरी काटेकोरपणे करावा लागतो.

सबाचं नाव ज्यांच्यामुळे झालं ते सुळके पश्चिमेला किनाऱ्यापासून समुद्रात थोडे आत आहेत: थर्ड एन्काउंटर, ट्वायलाइट झोन, शार्क शोल्स. थर्ड एन्काउंटरजवळच आय ऑफ द नीडल हा बारीक सुळका खोलातून वर येतो. यातल्या बहुतेकांचे माथेच २७ ते ३० मीटरवर आहेत. तुमच्या कार्डाची मर्यादा ३० मीटर. म्हणजे तुमची परवानगी संपते तिथे सुळका सुरू होतो. माथ्यावरच थांबायचं आणि कडेवरून खाली डोकवायचं, एवढंच तुमचं काम. पाणी एवढं स्वच्छ असतं की ४५ मीटरवरचा शार्क हाताच्या अंतरावर वाटतो आणि माणूस नकळत खाली सरकतो. तारकर्लीत व्हिजिबिलिटी कमी असते, तळ लगेच लागतो, त्यामुळे खोलीची सवय डोळ्यांना नसते. म्हणून इथे डोळ्यांवर नाही, कॉम्प्युटरवर भरवसा ठेवा आणि खोलीचा अलार्म ३० ला लावा.

आता हवेचा हिशेब. हा घरी कागदावर करून बघा, कारण तुमच्या तीस डाइव्हपैकी ३० मीटरच्या फार तर दोन-तीन असतील. समजा पृष्ठभागावर तुम्हाला मिनिटाला २० लिटर हवा लागते. ३० मीटरवर दाब ४ बार, म्हणजे मिनिटाला ८० लिटर. ११ लिटरचा ॲल्युमिनियम सिलिंडर २०० बारला भरला तर २२०० लिटर. आता राखीव किती हवी ते काढा. जोडीदाराची हवा तळाशीच संपली, दोघं एकाच सिलिंडरवर आहात आणि घाबरल्यामुळे प्रत्येकी मिनिटाला २५ लिटर ओढताय. गोंधळ सावरायला एक मिनिट: ५० गुणिले ४, म्हणजे २०० लिटर. मिनिटाला ९ मीटरच्या गतीनं ५ मीटरपर्यंत यायला तीन मिनिटं, सरासरी दाब पावणेतीन बार: सुमारे ४१० लिटर. तीन मिनिटं सेफ्टी स्टॉप: २२५ लिटर. शेवटचे पाच मीटर: साठेक लिटर. बेरीज ९०० लिटरच्या आसपास, म्हणजे ८० बारपेक्षा थोडी जास्त. तेव्हा ९० बारला तळ सोडायचा, ५० ला नाही.

वापरायला उरली ११० ते १२० बार. ती ३० मीटरवर पंधरा-सोळा मिनिटांत संपते, त्यातच उतरण्याचा वेळही आला. पाडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात हवेवर, डीकॉम्प्रेशन थांबा न घेता, ३० मीटरला २० मिनिटांची मर्यादा आहे. म्हणजे मर्यादा येण्याआधीच तुमची हवा संपते. नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनचं मिश्रण, घेतलं तर ३२ टक्क्यांवर हीच मर्यादा अर्ध्या तासाच्या आसपास जाते. ‘नायट्रॉक्स घेतलं की जास्त वेळ मिळतो’ असं सरसकट सांगितलं जातं, ते इथे खरं नाही. नायट्रॉक्स नायट्रोजन कमी करतं, हवा वाढवत नाही. तरीही ते घ्याच, कारण पाच दिवस रोज दोन डाइव्ह म्हणजे नायट्रोजन साठत जातो, आणि वर डोंगरात मुक्काम. कोर्स न्यू जर्सीतच आधी करून या. ३२ टक्क्यांच्या मिश्रणाची कमाल खोली ऑक्सिजनच्या १.४ बार दाबाच्या हिशेबानं ३३ मीटर आहे. प्रत्येक सिलिंडर स्वतः ॲनालायझरवर तपासा, टेपवर टक्केवारी, खोली आणि सही लिहा, आणि कॉम्प्युटरमध्ये तोच आकडा टाका. कालच्या डाइव्हचं सेटिंग राहून जाणं ही नेहमीची चूक. हवा जास्त लागत असेल तर १५ लिटरचा सिलिंडर आहे का ते आधीच विचारून ठेवा.

सुळक्यावरची दुसरी अडचण वर येताना असते. साध्या रीफवर डाइव्हचा शेवट दहा मीटरवर रमतगमत करता येतो. इथे माथा सोडला की ३० मीटर नुसतं निळं पाणी. आधार एकच, मुअरिंगचा, म्हणजे बोट बांधायचा दोर. करंट असेल तर सगळी डाइव्ह त्याच दोरावरून उतरून त्याच दोरावरून वर, हातावर हात. दोर पकडण्याआधी त्यावर नजर टाका, बारीक केसाळ हायड्रॉइड वाढलेले असतात आणि ते खाजखुजलीसारखे डसतात. हातमोजे चालतात का ते आधी विचारा, काही मरीन पार्कांत मनाई असते. सेफ्टी स्टॉप तीनऐवजी पाच मिनिटं करा. दोरावर आडवं होऊन झेंड्यासारखं लटकताना श्वास वाढतो, तेवढी हवा हिशेबात धरलेली असू द्या.

दोर हुकला तर पृष्ठभागावर सोडायचा लांबोडा फुगा, एसएमबी, आणि रील दोघांकडेही हवी. नुसती खिशात असून भागत नाही. पाच मीटरवर तरंगत, खोली न बदलता ती सोडता आली पाहिजे. पहिल्यांदा करताना बहुतेकांचा रील अडकतो आणि ते फुग्याबरोबर वर ओढले जातात. तलावात दहा वेळा सराव करून या. वजनाचंही तसंच. भरलेल्या सिलिंडरातली हवाच अडीच किलोच्या वर भरते, ती संपली की तेवढे तुम्ही हलके होता. पहिल्या दिवशी डाइव्हच्या शेवटी ५० बारवर पाच मीटरला तरंगून बघा. तिथे स्थिर राहता आलं तर वजन बरोबर.

सुळके म्हणजेच सबा, असं मात्र समजू नका. माझ्या मते तुमच्या अनुभवाला जास्त आनंद देतील त्या मधल्या खोलीच्या जागा. वायव्येला डायमंड रॉक पाण्याबाहेर डोकं काढून उभा आहे, तळाची वाळू २४ मीटरच्या आसपास. त्याला प्रदक्षिणा घालत हळूहळू वर यायचं. मॅन ओ वॉर शोल्स हा जुळा सुळका आहे. त्याचा माथा पृष्ठभागाच्या थोडाच खाली येत असल्यामुळे डाइव्हचा शेवट उथळात, रंगीबेरंगी खडकावर होतो. टेंट रीफ हा नैऋत्येचा लांब कट्टा चार-पाच मीटरपासून सुरू होतो आणि पुढे भिंत उतरते. पहिल्या तपासणी-डाइव्हला आणि रात्रीच्या डाइव्हला हीच जागा.

आणि हॉट स्प्रिंग्ज. लॅडर बेच्या बाजूला काळ्या धोंड्यांच्या मधल्या खळग्यांत वाळू अचानक पिवळी-मोहरी रंगाची दिसते. तिथे गुडघ्यावर न टेकता तरंगत राहायचं आणि बोटांची दोन पेरं हलकेच वाळूत घालायची. वरची वाळू समुद्राएवढीच गार असते, तिच्याखाली ऊब लागते, आणखी खाली चटका बसतो. बोटं काढली की खळगा आपोआप बुजतो. बेटावरचा शेवटचा उद्रेक १६४० च्या सुमारास झाला असं मानतात. आतली उष्णता अजून आहे हे असं हाताला कळतं. गाईड दाखवेल तिथेच हात घाला, वाळूत लपणारे मासेही असतात.

जाता जाता लॅडर बेच्या कड्याकडे बोटीतून नजर टाका. कातळात खोदलेल्या ८०० पायऱ्या दिसतात. बंदर आणि रस्ता होण्याआधी बेटावरचं सगळं सामान, अगदी पियानोसुद्धा, याच वाटांनी डोक्या-खांद्यांवरून वर जायचं. इथे रस्ता होणं शक्य नाही असं डच इंजिनिअरांनी सांगितल्यावर जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल या इथल्याच माणसानं पत्राद्वारे बांधकामाचा अभ्यासक्रम केला आणि १९३८ पासून गावकऱ्यांना घेऊन हातांनी रस्ता बांधला. पहिली गाडी बेटावर आली १९४७ मध्ये. रोज फोर्ट बेच्या बंदरावरून वर जाताना तुम्ही त्याच रस्त्यावर असाल.

बेटाभोवतीचं सगळं पाणी, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत, १९८७ पासून सबा मरीन पार्कमध्ये आहे आणि सबा कॉन्झर्वेशन फाउंडेशन ते सांभाळतं. इथे स्वतःहून डाइव्ह करता येत नाही, परवानाधारक डाइव्ह सेंटरबरोबरच जावं लागतं. प्रत्येक डाइव्हमागे पार्कची फी असते, ती सेंटरच घेतं. २०१५ पासून इथलं पाणी यारारी या शार्क आणि सागरी सस्तन प्राण्यांच्या अभयारण्याचाही भाग आहे. कॅरिबियन रीफ शार्क, नर्स शार्क, हॉक्सबिल आणि ग्रीन कासवं हे नेहमीचे. कशालाही हात लावायचा नाही, आणि कॅमेऱ्यासाठी खडकाला रेलायचंही नाही.

याच कारणासाठी एक काम घरूनच करून निघा. २०१४ मध्ये फ्लोरिडात पहिल्यांदा दिसलेला दगडी प्रवाळांचा ऊतक झडण्याचा रोग कॅरिबियनभर पसरला आहे. आधी कुठे फ्लोरिडा किंवा मेक्सिकोत वापरलेला वेटसूट, बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट), बूट ओलसर तसेच बॅगेत भरू नका. निर्जंतुक करा, गोड्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा. बीसीडीच्या आतलं पाणी काढायला विसरू नका. बेटावर मात्र पाणी जपून वापरा. इथली घरं छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवून राहतात. किट सेंटरच्या हौदात बुडवा, हॉटेलच्या शॉवरखाली नाही.

महिना. एप्रिलचा शेवट ते जूनचा पहिला आठवडा. चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर. २०१७ च्या ६ सप्टेंबरला इर्मा चक्रीवादळानं शेजारच्या सिंट मार्टेनचं काय केलं ते आठवा. सप्टेंबरात बेटावरचे काही व्यवसाय बंदही असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी पूर्वेकडचे व्यापारी वारे जोरात असतात. डाइव्हच्या जागा वाऱ्याआडच्या पश्चिम बाजूला असल्यामुळे डायव्हिंग चालतं, पण उत्तरेकडून लांब लाटा आल्या की डायमंड रॉक आणि टॉरेन्स पॉइंट हातचे जातात. जानेवारी ते एप्रिलमध्ये हंपबॅक व्हेल जवळून जातात आणि पाण्याखाली त्यांचा आवाज कधीकधी ऐकू येतो. तेवढ्यासाठी मार्च निवडणारेही आहेत. पाण्याचं तापमान फेब्रुवारी-मार्चमध्ये २६ अंशांच्या आसपास, सप्टेंबरात २८-२९. मे महिन्यात ३ मिलिमीटरचा पूर्ण वेटसूट पुरतो. पाचव्या दिवशी थंडी वाजू लागते, म्हणून हुड किंवा आतला बनियन ठेवा.

प्रवास. न्यूअर्क किंवा जेएफकेहून थेट विमानं सिंट मार्टेनला जातात. भारतातून येणाऱ्यांसाठी ॲमस्टरडॅम किंवा पॅरिसमार्गे येणं सोयीचं, कारण अमेरिकेतून नुसती विमानं बदलायलाही अमेरिकी व्हिसा लागतो. सिंट मार्टेनहून सबाला दोन वाटा. विनएअरचं १९ आसनी ट्विन ऑटर बारा-पंधरा मिनिटांत पोचवतं आणि सुमारे ४०० मीटरच्या धावपट्टीवर उतरतं, दोन्ही टोकांना समुद्र. आडवा वारा वाढला की उड्डाण रद्द. सामानाची मर्यादा कडक असते आणि जास्तीची बॅग पुढच्या उड्डाणानं येऊ शकते, म्हणून मास्क, कॉम्प्युटर, रेग्युलेटर आणि एक पोहण्याचा पोशाख हातातच ठेवा. दुसरी वाट फेरीबोटीची, सव्वा ते दीड तास. सामान मुबलक नेता येतं, पण ती रोज नसते आणि खाडीबाहेर चांगलीच हलते. जाताना विमान, येताना फेरी, ही जोडी तुमच्यासाठी चांगली. का ते पुढे येईल.

व्हिसाकडे नीट लक्ष द्या, इथे न्यू जर्सीकर अडकतात. सबा १० ऑक्टोबर २०१० पासून नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे, तरी शेंगेन क्षेत्रात नाही. सिंट मार्टेन तर राज्यातला वेगळा देश. भारतीय पासपोर्टला डच राज्याच्या कॅरिबियन भागाचा वेगळा व्हिसा लागतो. काही देशांचे चालू व्हिसा किंवा निवासपरवाने असणाऱ्यांना सूट आहे. ती तुमच्या कागदपत्रांना नेमकी लागू होते का, हे डच सरकारच्या संकेतस्थळावर तिकीट काढण्याआधी बघा. त्याहून महत्त्वाचं: पासपोर्टातला एच-१बी या अमेरिकी कामाच्या व्हिसाचा शिक्का संपलेला असेल आणि हातात फक्त आय-७९७ हे मंजुरीपत्र असेल, तर जाऊ नका. कॅनडा-मेक्सिकोतून छोट्या सहलीनंतर अशा स्थितीत परतता येतं, ती सवलत एच-१बी ला कॅरिबियन बेटांसाठी नाही. नवा शिक्का घेतल्याशिवाय परतीच्या विमानात बसू देणार नाहीत.

चलन अमेरिकी डॉलर, वीज ११० व्होल्ट, प्लग अमेरिकी. किराणा बोटीनं येतो, त्यामुळे शाकाहाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी आणि पोहे, उपम्याची पाकिटं, मेतकूट बरोबर ठेवावं.

तब्येतीबद्दल स्पष्ट बोलतो. द बॉटममध्ये ए. एम. एडवर्ड्स मेडिकल सेंटर आहे, पण बेट छोटं आहे. डाइव्ह सेंटरला ईमेलवर तीन गोष्टी लेखी विचारा: बोटीवर ऑक्सिजन किती मिनिटांचा असतो, आत्ता सुरू असलेला सर्वांत जवळचा रीकॉम्प्रेशन चेंबर (बुडबुड्यांच्या त्रासावर दाबाखाली उपचार करायची खोली) कुठे आहे, आणि तिथे रुग्णाला कसं नेतात. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं सेंटर बघा. त्याच ईमेलमध्ये सिलिंडर कुठले, रेग्युलेटरची सिलिंडरला जोडणी योक चालते की डिन, आणि सुळक्यांसाठी किमान किती डाइव्ह मागतात हेही विचारा. डायव्हिंगचा वेगळा विमा घ्या. साध्या प्रवासविम्यात डायव्हिंग एक तर वगळलेलं असतं किंवा खोलीची अट असते, आणि विमानानं हलवण्याचा खर्च प्रचंड असतो. वैद्यकीय प्रश्नावलीत दमा, रक्तदाब, औषधं याला एखादं जरी ‘हो’ आलं तरी डॉक्टरांची सही लागते. ती घरूनच आणा, बेटावर आल्यावर धावपळ करून मिळेलच असं नाही.

बोट लागत असेल तर ॲव्होमिन घेण्याची आपल्याकडे सवय असते. त्यानं गुंगी येते, आणि ३० मीटरवर नायट्रोजनची स्वतःची गुंगी असतेच. दोन्ही एकत्र नकोत. कमी झोप आणणारं औषध डॉक्टरांकडून घ्या आणि सहलीआधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन बघा.

आता दिवस. पहिल्या दिवशी सिंट मार्टेन गाठा आणि तिथेच झोपा. त्याच दिवशीची जोडफेरी पकडायचा मोह नको. दुसऱ्या दिवशी सकाळी सबा, सामान टाकून दुपारी माउंट सीनरी. विंडवर्डसाइडहून १०६४ पायऱ्या, चढायला साधारण दीड तास. वरचं जंगल कायम ढगात, पायऱ्या शेवाळलेल्या. तळवा घट्ट असलेले ट्रेकिंगचे बूट घाला, चपला नकोत, आणि उतरताना गुडघे सांभाळा. माथ्यावर धुकं असेल तरी वाट बघत बसू नका. संध्याकाळी भरपूर पाणी प्या, दारू नको.

तिसऱ्या दिवशी टेंट रीफवर वजन आणि एसएमबीची तपासणी, मग हॉट स्प्रिंग्ज. चौथ्या दिवशी डायमंड रॉक आणि एखादी उथळ जागा. पाचव्या आणि सहाव्या दिवशी सकाळची पहिली डाइव्ह सुळक्यावर, दुसरी पंधरा मीटरच्या आसपास, मध्ये किमान तासभर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुमची हवा गाईडच्या डोळ्यांसमोर येते. तो ‘अजून नको’ म्हणाला तर ऐका. सुळक्याच्या दिवशी करंट फार असेल आणि कप्तानानं जागा बदलली तर हट्ट करू नका, त्या दिवशी मॅन ओ वॉर शोल्सवर जास्त वेळ मिळतो. रोज तिसरी डाइव्ह घेऊ नका, हवीच असेल तर एका संध्याकाळी टेंट रीफवर रात्रीची घ्या. सातव्या दिवशी दोन उथळ डाइव्ह, दुपारी बारापर्यंत पाण्याबाहेर.

आठव्या दिवशी पाण्यात नाही आणि डोंगरावरही नाही. सकाळी विमानतळाजवळच्या फ्लॅट पॉइंटला ओहोटीच्या कुंडांत समुद्र बघा. काळ्या लाव्हाच्या खाचांत पाणी अडलेलं असतं, पण लाटा उसळत असतील तर जवळ जाऊ नका. मग फेरीनं सिंट मार्टेन. फेरी समुद्रसपाटीवरूनच जाते, त्यामुळे वारा किंवा तांत्रिक कारणानं कधी वेळापत्रक बदलावं लागलं आणि तासांचा हिशेब जुळत नसला तरी बेट सोडता येतं. आठव्या दिवशी फेरी नसेल तर सातव्या दिवशी दुपारचीच पकडा आणि जास्तीची रात्र सिंट मार्टेनला काढा. नवव्या दिवशी न्यूअर्कच्या विमानात बसण्याआधी दोघांच्याही कॉम्प्युटरवरचा विमानबंदीचा काउंटडाउन शून्य झालाय ना ते बघा, आणि डॅनचे १८ तास घड्याळ लावून वेगळे मोजा. दोन्हींतलं जे जास्त तेच धरा.